दंडावर बांधायचं बीपी मशीन: आठ महिने, दोन दंड, एक भांडण

हे परीक्षण उशिरा लिहितोय. बरेच लोक खोकं उघडलं त्याच दिवशी तारे देऊन मोकळे होतात. मला ते जमत नाही, कारण एकतीस वर्षं मी प्रेशर गेज तपासायचं काम केलं. कारखान्यातून गेज यायचं, ते मास्टर गेजला (ज्याच्याशी बाकीची ताडतात त्या खात्रीच्या गेजला) जोडायचं, दाब चढवताना पाच आकडे घ्यायचे, उतरवताना पाच घ्यायचे, फरक लिहायचा, सही करायची, स्टिकर चिकटवायचा. चढताना बरोबर आणि उतरताना खोटं बोलणारी गेजं मी शेकड्यांनी बघितली आहेत. म्हणून आधी आठ महिने वापरलं, आणि आता लिहितोय.

कंपनीचं नाव देत नाही. यातलं जवळजवळ सगळंच या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू आहे, आणि ज्या तक्रारी आहेत त्यांतली मोठी तक्रार माझ्याविरुद्धच आहे.

मशीन तळहाताहून थोडं मोठं. एक ठसठशीत बटण, दोन माणसांची वेगळी मेमरी, प्रत्येकी साठ रीडिंग, चार पेन्सिल सेल. आकडे इतके मोठे की आईला चष्म्याशिवाय वाचता येतात, त्याला पूर्ण गुण. ठोके अनियमित वाटले तर कोपऱ्यात हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. हा आकडा लक्षात ठेवा, माझी फजिती इथेच झाली. सोबत मोबाइलचं अ‍ॅप आहे, ते उतरवून घेऊ नका. रीडिंग घेतलं की हसरा नाहीतर रडका चेहरा दाखवतं आणि तुमच्या 'हृदयाचं वय' सांगतं. ते वय कसं काढलं हे कुठेही लिहिलेलं नाही. हात न बघता सांगितलेलं भविष्यच ते, फक्त पडद्यावर दिसतं म्हणून लोकांना शास्त्रीय वाटतं.

वापरणारे आम्ही दोघं. माझं बीपी गेल्या वर्षी निघालं. आईचं माझ्या नोकरीइतकं जुनं आहे, ती आता ८४ वर्षांची. आई श्रद्धाळू, मी नाही. यावर आमचे वाद होऊन होऊन त्यांच्या कडा झिजल्यात, आता फक्त टोमणे उरलेत. मशीन घरात आलं तेव्हा ती म्हणाली, "आणलास का तुझा देव? तुझा विश्वास काटा हलल्याशिवाय बसत नाही."

काटा नाहीच यात, पण असो.

पहिल्याच रविवारी मी ते तपासलं. पट्टा एका जाड बाटलीभोवती गुंडाळला, नळीत टी-जोड घातला आणि दुसऱ्या टोकाला माझं स्वतःचं मास्टर गेज लावलं. हवा सुटताना मशीनवरचा आकडा आणि गेजचा काटा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल टेकवून व्हिडिओ घेतला, मग थांबवत थांबवत वाचला. २०० पासून ५० पर्यंत फरक कुठेही २ एमएमपेक्षा (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी त्यातच मोजतात) जास्त नव्हता. मानकानुसार ३ चालतो. बाटलीला नाडी नसल्यामुळे शेवटी मशीनने एरर दाखवली. तीही बरोबरच.

"बसला विश्वास?" आईने विचारलं.

"दाबावर बसला," मी म्हणालो. "आकड्यावर नाही."

तिला वाटलं मी शब्दांचा खेळ करतोय, पण फरक खरा आहे आणि मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजायला सुरुवात केली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला: ठोका ऐकू यायला लागला की वरचं, थांबला की खालचं. तिथे माणूस कानाने ऐकतो. आपलं मशीन काहीच ऐकत नाही. ते हवा हळूहळू सोडतं आणि नाडीमुळे पट्ट्यातल्या दाबाला येणारे बारीक हिसके टिपतं. हिसके सगळ्यांत मोठे जिथे होतात तो सरासरी दाब, इतकंच त्याला धड कळतं. वरचं आणि खालचं ते त्यावरून गणिताने काढतं, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं स्वतःचं असतं. कंपन्या ते सांगत नाहीत.

म्हणजे १३८/८६ दिसतं तेव्हा मशीनने ते पाहिलेलं नसतं, अनुमान केलेलं असतं. आपल्या न्यायशास्त्रात ज्ञान मिळवण्याच्या चार वाटा सांगितल्यात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान. विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून मानलं, हा शब्द. माझ्यासारख्या तर्कवाल्या माणसाचं रोजचं बीपी यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या वाटेनेच येतं. धुरावरून आग काढायचं सूत्र कुलूपबंद, आणि 'सूत्र बरोबर आहे' हे कंपनीचं वचन.

ते वचन पारखायची एकच रीत आहे. निदान ८५ माणसांवर मशीन आणि तरबेज तपासनीस दोघांनी मोजायचं, सरासरी फरक ५ एमएमच्या आत आणि फरकांचा पसारा ८ च्या आत हवा. अशी चाचणी पास झालेल्या मशीनच्या याद्या असतात. स्ट्राइड बीपी नावाची एक आंतरराष्ट्रीय यादी कुणालाही बघता येते. माझं मशीन मी आधी विकत घेतलं आणि मग यादी बघितली. एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन मी हा क्रम निवडला. कारण काय, तर खोक्यावर 'डॉक्टरांनी सुचवलेले' असं लिहिलं होतं. सुदैवाने मॉडेल यादीत निघालं. नसतं निघालं तर हे परीक्षण निम्म्यात संपलं असतं.

त्याआधी मी ग्राहक सेवेला फोन केला होता. सरळ विचारलं, "क्लिनिकल चाचणी कुठल्या मानकाप्रमाणे झाली आहे?" पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, लाखो ग्राहकांचा आमच्यावर विश्वास आहे." मी पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग त्याने विचारलं, सर, तुमचा विश्वास बसावा म्हणून अजून काय करू? त्याचा दोष नाही, समोर ठेवलेला कागद तो वाचत होता. सेवेला पाचांतला एक तारा, तोही त्याच्या आवाजासाठी.

आईने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या त्या मोठ्या गेजला कोण तपासतं?"

हा प्रश्न नोकरीत मला फारच थोड्यांनी विचारला होता. माझं गेज प्रयोगशाळेतल्या डेडवेट टेस्टरवर तपासतात. त्यात ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजनं ठेवून दाब तयार करतात. ती वजनं वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडतात, ती त्याच्या वरच्यांशी, आणि असं चढत चढत पूर्वी पॅरिसजवळच्या सेव्ह्र इथे तिजोरीत ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका छोट्या दंडगोलापाशी जाऊन पोचायचं. तो म्हणजे किलोग्रॅम. त्याच्यासारखा नव्हे, तोच. त्याला तपासायला वर कुणी नव्हतं. शंभर वर्षांत त्याच्या प्रतींचं वजन त्याच्यापेक्षा सुमारे ५० मायक्रोग्रॅमने सरकलं. सरकल्या प्रती की तो स्वतः, हे सांगणं अशक्य होतं, कारण व्याख्येप्रमाणे त्याचं वजन चुकूच शकत नव्हतं. शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवरून, ठरवायला लागले.

"म्हणजे सगळ्यात वर एक दगड होता आणि सगळे म्हणायचे हाच खरा," आई म्हणाली.

"धातू होता."

"बरं, धातू."

तिला जिंकल्यासारखं वाटलं आणि मलाही थोडं हरल्यासारखं वाटलं. पण रात्री विचार करताना एक फरक सापडला, तो तिला सांगायचा राहिला, इथे सांगतो. त्या धातूवर सगळ्यांचा भरवसा होता तरी तो सरकतोय का हे बघणं कुणी सोडलं नाही. सरकतोय असं दिसल्यावर, त्याच्यापुढे मान लवून अख्खी हयात काढलेल्या माणसांनीच त्याला निवृत्त केलं. मराठीत 'खात्री आहे' आणि 'खात्री करून घेतो' यांत शब्द एकच, पण पहिल्यात माणूस बसलेला असतो आणि दुसऱ्यात उठून निघालेला.

आता दाबाचा विषय निघालाच आहे तर पास्कल. ज्याच्या नावाने आज दाब मोजतात (१२० एमएम पारा म्हणजे सुमारे १६ हजार पास्कल) त्या ब्लेझ पास्कलने १९ सप्टेंबर १६४८ ला आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं होतं. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा खाली उतरला, म्हणजे हवेला वजन आहे हे कळलं. माझ्या आवडीचा तपशील असा की पायथ्याशी दुसरी नळी भरून ठेवली होती आणि तिच्यावर दिवसभर एकाला नजर ठेवायला बसवलं होतं. डोंगर चढल्यामुळे पारा उतरला की नुसती हवा बदलल्यामुळे, हे कळावं म्हणून. याला म्हणतात मास्टर गेज! आणि याच माणसाला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास देवाचा असा काही अनुभव आला की तो त्याने कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ मध्ये तो गेल्यानंतर तो कागद सापडला. आठ वर्षं तो कागद छातीजवळ घेऊन हिंडत होता आणि त्या रात्रीच्या काही महिने आधीच त्याने पत्रं लिहून संभाव्यतेचं गणितही सोडवलं होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "शहाणा होता. शिवून ठेवला, दाखवत नाही फिरला."

आता मुद्द्याचं, म्हणजे वापर.

पहिल्या पंधरवड्यात माझ्या लक्षात आलं की आईचे सकाळचे आकडे दोन जातीचे आहेत. मी मोजून दिले तर वरचं १५० च्या पुढेमागे. तिने एकटीने मोजलं तर १३८, १४०. मशीन तेच, दंड तोच, वेळ तीच. मी संशयाने एके दिवशी दारातून बघितलं. ती पट्टा बांधून, डोळे मिटून, मांडीवर माळ घेऊन बसली होती. बरीच मिनिटं जप करून मग तिने बटण दाबलं.

मी म्हणालो, "आई, ही फसवणूक आहे. जप करून आकडा उतरवून मोजतेस."

"मग काय धावून येऊन मोजू?"

आमच्या डॉक्टरांना मी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही त्यांचं कसं मोजता?" मी सांगितलं: स्वयंपाकघरातून हाक मारतो, ती येते, बसते, मी पट्टा बांधतो, बोलत बोलत बटण दाबतो. डॉक्टर म्हणाल्या, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. हा नियम आहे आणि तुमच्या घरात तो एकच माणूस पाळतो.

मॅन्युअलच्या नवव्या पानावर हे सगळं होतं. मी वाचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गेजची मॅन्युअल वाचण्यात आयुष्य गेलं.

तरी मन मानेना. पाच मिनिटं बसण्याने उतरतं की जपाने? मी स्वतःवर करून बघितलं: दहा दिवस पाच मिनिटं नुसतं बसणं, दहा दिवस पाच मिनिटं मनात आकडे मोजत संथ श्वास. नुसत्या बसण्यापेक्षा संथ श्वासाच्या दिवसांत वरचं सरासरी चारने कमी आलं. एका माणसाचे वीस दिवस म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता: २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती माळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, एकदा बौद्ध मंत्र. दोन्हीत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तरतरीत झाली. म्हणणाऱ्याचा देव कुठला याने फरक पडला नाही, लयीने पडला.

मी हे आईला विजयाने सांगितलं. म्हणजे बघ, देव नाही, श्वास.

ती म्हणाली, "मी कधी म्हटलं मी बीपीसाठी जप करते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा जप मी पहिल्यापासून उपाय समजूनच मोजत होतो. उपाय म्हणून मोजला की तो श्वासाच्या व्यायामाएवढा भरतो, बरोबर आहे. पण सत्तर वर्षं ती ज्यासाठी बसते ते माझ्या मशीनच्या मोजमापात येतच नाही. पट्टा दंडावर बांधतात.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला २००६ सालचा अमेरिकेतला मोठा प्रयोग आठवला: बायपास झालेले १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यात प्रार्थनेने काहीच फरक पडला नाही, गुंतागुंत झालेले ५२ आणि ५१ टक्के. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना होतेय' असं ज्यांना खात्रीने सांगितलं त्यांच्यात उलट ५९ टक्के. मी हे वाचून दाखवल्यावर आईने विचारलं, "प्रार्थना करणारे त्यांच्या ओळखीचे होते?" नव्हते. परके लोक होते, त्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढंच दिलेलं. "मग ती प्रार्थना कसली, हजेरी झाली ती," ती म्हणाली. तिच्या उत्तराने प्रयोगाचा निकाल बदलत नाही. पण प्रयोगाने मोजलं ते आणि आपल्याला विचारायचं होतं ते एकच आहे का, ही शंका तर्काचीच आहे. मला ती सुचायला हवी होती.

आता माझी फजिती. तीन महिने माझे आकडे १४८, १५०, १४६ असे येत होते. गोळी वाढवायची बोलणी सुरू झाली. मशीन मी स्वतः तपासलेलं, मेमरीतले आकडे नियमाने घेतलेले, मग शंका घ्यायची कुठे? एका संध्याकाळी आई बाजूला बसली होती. म्हणाली, "अरे, तो पट्टा तुला पुरत नाहीये, बघ कसा ओढून लावतोस." टेप आणून दंड मोजला: ३६ सेंटिमीटर. पट्टा ३२ पर्यंतचा. लहान पट्टा मोठ्या दंडावर बांधला की आकडा जास्त येतो, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही माहीत असतं. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचं सरासरी सुमारे ५ एमएमने जास्त आलं, आणि त्याहून मोठा लागणाऱ्यांना तर जवळजवळ २० ने. मोठा पट्टा वेगळा मागवला. पुढच्या आठवड्याची माझी सरासरी १३९. गोळी वाढली नाही.

बाटलीभोवती गुंडाळून दोन एमएमपर्यंत तपासणाऱ्याने दंडाला टेप लावली नाही. मी तपासलं होतं म्हणून माझा विश्वास होता, आणि विश्वास होता म्हणून मी पुढे बघणं थांबवलं. आई मशीनला मानत नव्हती, तिने सरळ दंडाकडे बघितलं. कंपनीला माझी सूचना: तो २२-३२ चा आकडा पट्ट्याच्या आतल्या बाजूला राखाडीवर राखाडी छापलाय, तो खोक्यावर दर्शनी छापा आणि 'डॉक्टरांनी सुचवलेले' आत छापा.

पाचव्या महिन्यात भांडण झालं. महिन्याची सरासरी काढायला मी आईची मेमरी चाळत होतो, तर त्यात तीन दिवसांपूर्वीचं रीडिंग होतं: १८४/१०२, रात्री अडीच वाजता. त्याच्या खाली चार मिनिटांनी १८१. तिने वहीत लिहिलं नव्हतं. मला सांगितलं नव्हतं.

"डोकं दुखत होतं. देवावर सोडलं आणि झोपले. सकाळी बरं वाटलं."

मी खूप बोललो. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो ते सगळं बोललो: हीच ती श्रद्धा जी माणसं मारते, देव बघून घेईल म्हणत लोक गोळ्या सोडतात, वगैरे. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "देवावर सोडलं नव्हतं रे. घाबरले होते. तुला उठवलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतंस."

मी गप्प झालो. आणि मग जे केलं ते करायला नको होतं. स्वतःची मेमरी उघडून बसलो. माझ्या साठ रीडिंगांत मधेमधे भोकं होती. मला माहीत होतं ती कुठून आली. आकडा मोठा आला की मी म्हणायचो, आत्ताच जिना चढलो, फोन वाजला, हात हलला. ते पुसायचो आणि पुन्हा मोजायचो, मनासारखा येईपर्यंत. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. आकडा चांगला आल्यावर मात्र एकदाही मला आठवलं नाही की आत्ता जिना चढलो होतो. तिच्या भीतीने देवाचं नाव घेतलं, माझ्या भीतीने तर्काचं. तिने निदान आकडा पुसला नव्हता.

डॉक्टरांनी यावर नियम दिला. तपासणीच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग, पहिल्या दिवसाची सगळी सोडून द्यायची, उरलेल्यांची सरासरी. ती १३५/८५ च्या वर असेल तर जास्त. मला आवडलं ते हे की काय वगळायचं ते आकडा दिसायच्या आधीच ठरलेलं. आईला एकच वेगळी ताकीद: १८० दिसलं की मला उठवायचं, रात्रीचे कितीही वाजले असोत, आणि मी आरडाओरडा करायचा नाही. शेवटची अट तिने घातली.

गोळीबद्दल थोडंसं, कारण मशीन घेणारे बरेच जण इथे चुकतात आणि मीही चुकलो असतो. आकडा १२८ आला की वाटतं, आता कशाला गोळी? शुद्ध तर्क दिसतो. पण १२८ गोळीमुळे आलेला असतो. आई तीस वर्षं माळ खाली ठेवली की गोळी घेते, एक दिवस चुकवलेला नाही, का घ्यायची हे तिने कधी विचारलं नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या हृदयरोग चाचणीचा १९८० मध्ये छापलेला निष्कर्ष मला कायम बुचकळ्यात टाकतो: औषध नसलेली खोटी गोळी नेमाने घेणाऱ्यांत पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, तीच खोटी गोळी अनियमित घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के. गोळीत काही नव्हतंच. मग नेमाने वाचवलं, की ज्यांना नेम पाळता येतो ती माणसंच आधीपासून वेगळी असतात? आकड्यांवरून हे सुटत नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, गोळी घेऊन झाली, पाणी दे.

आता खरेदीचा सल्ला. दंडाचा घेर मोजून मगच मागवा. मॉडेल मान्यता यादीत आहे का ते पैसे देण्याआधी बघा, माझ्यासारखं नंतर नाही. मनगटावर बांधायचं घेऊ नका, हात हृदयापासून १० सेंटिमीटर वर-खाली झाला की ७-८ एमएमचा फरक पडतो. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. सेल आठ महिने टिकले. अ‍ॅपबद्दल सांगितलंच.

लिहून झाल्यावर आईला विचारलं, किती तारे देऊ?

"कितीतून?"

"पाचांतून."

"चार दे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात दवाखान्यात त्यांच्याशी ताडून बघायचंय ना, मग बघू पाचव्याचं."